आजीने मला बोर्डिंगात का टाकलं

प्रिय सई,

परवा तू विचारलंस, "बाबा, दहाव्या वर्षी आजीने तुला बोर्डिंगात टाकलं, तिला काहीच वाटलं नाही?" जरा लागलंच. फोनवर काही सुचेना, म्हणून लिहितोय. सवडीने वाच, नाही वाचलंस तरी चालेल.

आपल्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर सातारा, आणि तिथे आपलं कोणी नाही. कुणब्याच्या पोरांची ही अडचण कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी हेरली होती. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, त्या काळात! पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आजी हे सांगायला लागली की तात्या उठून गोठ्यात जायचे. मला पाठवायला तेच तयार नव्हते.

माझं बोर्डिंग एवढं थोर नव्हतं. आमटीत डाळ शोधावी लागे. पहाटे गार पाण्याची आंघोळ, मग वांग्यांना दारं धरायचं: वाफा भरला की खोऱ्याने बांध फोडून पाणी पुढच्यात वळवायचं. हे घरूनच येत होतं, म्हणून तेवढ्यापुरता माझा भाव वधारायचा. रात्री मात्र गोधडी तोंडावर ओढून रडायचो. आजीला हे कधी कळू दिलं नाही.

तुला ते कॅलिफोर्नियातलं डीप स्प्रिंग्ज कॉलेज एवढं आवडलंय ना? एल. एल. नन यांनी १९१७ साली आडरानात, गुरांच्या रँचवर काढलेलं. जेमतेम पंचवीस-तीस मुलं, फी नाही, पण अभ्यासाबरोबर आठवड्याला वीस तास राबायचं: धारा काढा, लसूणघासाला पाणी द्या, स्वयंपाक करा. २०१८ पासून मुलींनाही घेतात. तिथे जायला तू उड्या मारतेस आणि माझी मात्र कीव करतेस! साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात १९४७ पासून पोरं 'कमवा आणि शिका' म्हणत हेच करत आलीत.

बरं, फरक आहे, मान्य. तू अठराव्या वर्षी हौसेने जाशील. मला कोणी विचारलं नव्हतं. तुला दहाव्या वर्षी मी पाठवलं असतं का? नसतं. मग आजीचं बरोबर होतं असं तुला कुठल्या तोंडाने सांगू? पण बोर्डिंगातली आम्ही पोरं शाळेत गेलोच नसतो तर काय झालं असतं, तेही मला वाडीत दिसतं.

रविवारी आजीला फोन करशील तेव्हा तिलाच विचार. मी विचारलं की ती पावसापाण्यावर जाते. नातीला सांगेल कदाचित.

तुझा,
बाबा