राष्ट्रसेवेची सक्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारावीनंतर प्रत्येकाला वर्षभर लष्करात धाडलं तर जात, प्रांत विसरून पोरं एक होतील. मग अडतंय कुठं? (पालक, कागल)

कायद्यात नाही अडत. घटनेचं कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू देतं. केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेदभाव करायचा नाही, एवढीच अट. अडतंय हिशेबात. देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलं-मुली अठराची होतात आणि अख्खं भूदल आहे बारा लाखांच्या आसपास. इतक्यांना शिकवणारे उस्ताद, बराकी, मेस आणायची कुठून?

प्रश्न : एनसीसी पूर्वी सक्तीची होती म्हणतात, खरं का?

खरं. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजांत सक्ती झाली, १९६८ मध्ये ती उठली. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

प्रश्न : एनएसएसनं एकात्मता येते का? आमचं शिबिर म्हणजे गावात खड्डे काढणं. (विद्यार्थी, इचलकरंजी)

वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर, असा आराखडा आहे. बिघडतं दोन ठिकाणी. एक, डायरीतले तास परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत भरले जातात. दुसरं जास्त मुळातलं : शिबिर जवळच्याच तालुक्यात. भुदरगडात गेलात तरी ताटात तोच तांबडा रस्सा आणि हाक तीच, ‘काय भावा’. यात कोण कुणाला नव्यानं भेटणार? नायजेरियानं यादवी युद्धानंतर १९७३ मध्ये पदवीधरांना वर्षभराची सेवा लावली, तीही सहसा आपल्या राज्याबाहेर. तीन आठवडे छावणी, मग शाळेत, दवाखान्यात किंवा कचेरीत नेमणूक. सुरक्षेचे प्रश्न तिथंही आले, पण परक्या मुलखात राहायला लावायचं, हे मर्म त्यांनी ओळखलं. आपल्याकडे त्याच्या जवळ जातात ती राष्ट्रीय एकात्मता शिबिरं. जागा मोजक्या असतात, कॉलेजातल्या एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे नाव आधीच देऊन ठेवा.

प्रश्न : आमच्या मंडळाची पोरं पुरात राबतात. ते सेवेत धरतील का? (शिरोळ)

एनएसएसचे स्वयंसेवक असाल आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी सांगून गेलात, तर तास धरायला हरकत नसावी. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. पाणी चढताना नावेत शिरू नका, ते प्रशिक्षित पथकांचं काम. तुमचं काम पाणी उतरल्यावर. आधी मेन स्विच बंद. वायरमननं तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. गाळ ओला असतानाच काढा, ऊन लागून वाळला की फावडं चालत नाही. आठ जणांची टोळी पुरते : दोघं फावड्यावर, चौघं घमेल्यांच्या साखळीत, एक पाइप धरायला. आठवा घरच्या बाईंजवळ, म्हणजे रेशनकार्ड, सातबारा गाळाबरोबर घमेल्यात जात नाहीत. भिंत वरून खाली धुवा. पायात गमबूट हवेतच; पायाला जखम असेल त्यानं त्या दिवशी चिखलात उतरू नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. आणि साखळीत एकाच गल्लीतली पोरं शेजारी उभी करू नका, गप्पांत घमेलं अडतं.