'लयकारिका'तला लय कोणता?

प्रश्न असा: पेशीतल्या लायसोसोम या पचन करणाऱ्या पिशवीला मराठीत 'लयकारिका' म्हणतात, त्यातला 'लय' गाण्यातला का? आणि 'लयकारिकामध्ये' लिहायचे की 'लयकारिकेमध्ये'?

गाण्यातला नव्हे. 'उत्पत्ती, स्थिती, लय' यातला. म्हणजे विलय, नाश. दोन्हींचा संस्कृत धातू 'ली' एकच, पण मराठीने लिंगावरून त्यांची फारकत केली आहे. गाण्यातली 'ती लय', म्हणून 'लयीत'. नाशाचा 'तो लय', म्हणून 'लयाला गेले'. ('लय गर्दी'तला बोलीतला 'लय' तिसराच.) 'कारिका' म्हणजे करणारी.

नाव कामाला चपखल आहे. लयकारिका ही एकपदरी पटलाची पिशवी. तिच्यात प्रथिने, मेद, कर्बोदके, न्यूक्लिइक आम्ले तोडणारी सुमारे ५० विकरे (एन्झाइम) असतात आणि ती आम्लातच नीट चालतात. म्हणून पटलावरचे पंप एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्चून प्रोटॉन आत ढकलत राहतात आणि आतला सामू (pH; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ ते ५ टिकतो. बाहेर पेशीद्रवाचा सामू ७.२ च्या आसपास. एखादी पिशवी फुटलीच, तर सांडलेली विकरे तिथे मंदावतात. तेवढ्याने पेशी मरत नाही. खूप पिशव्या एकदम फुटल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा 'आत्मघाती पिशव्या' हे पाठ्यपुस्तकांतले बिरुद जरा भडकच म्हणायचे. एरवीचे काम साधे असते: निकामी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) किंवा गिळलेला जीवाणू पचवायचा आणि निघालेली अमिनो आम्ले, शर्करा पेशीद्रवात परत सोडायची. हा लय अडला की मात्र पंचाईत होते. टे-सॅक्स या आनुवंशिक विकारात हेक्सोसॅमिनिडेज-ए हे एकच विकर काम करत नाही, आणि चेतापेशींत गँग्लिओसाइड जातीचा मेद साचत जातो.

आता रूपे. शब्द आकारान्त स्त्रीलिंगी, 'भूमिका'सारखा चालतो: एका पिशवीबद्दल 'लयकारिकेत, लयकारिकेचे', अनेकींबद्दल 'लयकारिकांत, लयकारिकांचे'. 'लयकारिकामध्ये' दोन्हीकडे चूक. तंतुकणिका, रिक्तिका, आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या इतर भागांच्या नावांनाही हाच नियम. 'तंतुकणिका'तला 'तु' मात्र ऱ्हस्वच ठेवावा: सुटा शब्द मराठीत 'तंतू', पण तत्सम शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व कायम राहतो.