लॅपटॉपवरून वायफायने प्रिंट निघते, पण त्याच ऑल-इन-वन प्रिंटरमधून फॅक्स का जात नाही?

प्रिंट निघतेय म्हणजे वायफाय ठीक आहे, हा तुमचा अंदाज बरोबर. पण वायफायचं काम फाइल प्रिंटरपर्यंत पोचवण्यापुरतंच असतं. तिथून पुढे फॅक्स टेलिफोनच्या तारेतून जातो. प्रिंटरच्या मागे टेलिफोनचं सॉकेटच नसेल तर त्या मॉडेलमध्ये फॅक्सची सोय नाही.

सॉकेट असेल तर मी आधी लॅपटॉप बाजूला ठेवून काचेवर एक कागद ठेवेन आणि थेट प्रिंटरच्या पॅनलवरून फॅक्स करून बघेन. दोष कुठल्या बाजूला आहे ते यातून कळतं.

पॅनलवरूनही गेला नाही, तर तार 'लाइन' लिहिलेल्या सॉकेटमध्येच आहे ना ते बघा. शेजारचं 'एक्स्ट' हे जोडीच्या फोनसाठी असतं आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते. त्याच लाइनला साधा फोन लावून डायल टोन ऐका. ऑफिसात ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असेल तर बाहेरची लाइन मिळवायचा अंक (बहुधा 0 किंवा 9), मग पॉज (छोटा विराम), मग नंबर लावा.

फॅक्स सुरू होऊन मध्येच तुटतो का? मग लँडलाइन फायबरवर आहे का ते बघा. फायबरवर आवाज पॅकेटमधून, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांतून जातो. एखादं पॅकेट हरवलं तर बोलण्यात ते जाणवतही नाही, मोडेमचा (फॅक्स लाइनवर पाठवणाऱ्या भागाचा) सिग्नल मात्र बिघडतो. फॅक्स सेटिंगमध्ये वेग 33600 (बिट प्रति सेकंद) वरून 14400 करा, तरी जमलं नाही तर 9600. त्यानंतरच ईसीएम, म्हणजे एरर करेक्शन, बंद करून बघा. 33600 च्या वेगाला ईसीएम लागतंच, म्हणून क्रम उलटा करू नका. ईसीएम बंद असताना पानावर एखादी ओळ खराब येऊ शकते. टेलिफोन कंपनीला 'टी.38 (पॅकेटमधून फॅक्स नेण्याची पद्धत) चालू आहे का' हेही विचारा.

पॅनलवरून जातो आणि लॅपटॉपवरूनच अडतो, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉप आणि प्रिंटर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा. विंडोजने आपणहून जोडलेल्या प्रिंटरला बहुतेकदा फक्त छपाईचा ड्रायव्हर मिळतो. उत्पादकाच्या साइटवरून त्या मॉडेलचं पूर्ण सॉफ्टवेअर घ्या. मग प्रिंटरांच्या यादीत नावापुढे 'फॅक्स' असलेली वेगळी नोंद दिसेल. फाइल उघडून प्रिंट द्या आणि तीच नोंद निवडा. 'विंडोज फॅक्स अँड स्कॅन'च्या नादी लागू नका. त्याला लॅपटॉपचा स्वतःचा मोडेम किंवा फॅक्स सर्व्हर लागतो, प्रिंटरमधला मोडेम सहसा दिसत नाही.

पूर्वी जात होता आणि आता नाही, असं असेल तर फॅक्सच्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट बघा. राउटरने प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलला की छपाईची नोंद कधीकधी नवा पत्ता शोधून घेते, फॅक्सची मात्र जुन्यावरच अडून राहते. नवा आयपी तिथे भरा आणि राउटरमध्ये तो राखून ठेवा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा.

तरी अडलंच, तर प्रिंटरवरून फॅक्स रिपोर्ट छापा आणि त्यावरचा एरर कोड व मॉडेल नंबर इथे लिहा.