जीवशास्त्राच्या वर्गात ‘आर’ची सुरुवात

प्रश्न : मी इंदूरच्या एका महाविद्यालयात एम. एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते. यंदापासून परिसंस्थाशास्त्रासाठी ‘आर’ ही संगणकभाषा शिकवायची आहे. पण दहावीनंतर गणित सुटलेले विद्यार्थी पहिल्याच तासाला बिचकतात. आधी भाषा पूर्ण शिकवून मग जीवशास्त्राकडे वळावे का?
— एक प्राध्यापिका, इंदूर

उत्तर : तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ घडवली तीही संख्याशास्त्र शिकवण्याची गरज डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा पहिल्या दिवसापासून तिला जीवशास्त्राच्या प्रश्नाला जुंपावे.

तळ्यातील माशांची संख्या घ्या. तळे जितके मासे पोसू शकते त्या मर्यादेजवळ जाऊ तसतशी वाढ मंदावते, हा नियम विद्यार्थ्यांनी वहीत मांडावा आणि तीन-चार वर्षांचे आकडे हाताने काढावेत. मग तोच हिशेब पाच-सहा ओळींच्या लूपने (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेने) पन्नास वर्षांपर्यंत न्यावा. वाढीचा दर ०.५ असेल, तर आलेख संथपणे मर्यादेला टेकतो, १.८ ला हेलकावे खात स्थिरावतो, २.३ ला एक वर्ष जास्त, एक वर्ष कमी असे चक्र सुरूच राहते, आणि २.७ ला, दुष्काळ किंवा रोगराई यांपैकी काहीही हिशेबात धरलेले नसताना, आकडे कोणत्याच क्रमात बसत नाहीत. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ साली जीवशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते याच वर्तनाकडे. मात्र प्रत्येक वेळी संगणकाला विचारण्याआधी आलेख कसा येईल, हे विद्यार्थ्यांकडून कागदावर काढून घ्या; शिकणे खरे तिथे घडते.

पुढची पायरी प्रत्यक्ष नोंदींची. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेला सिरपूर तलाव आपल्या गावातच आहे. तिथल्या पक्ष्यांच्या तक्त्यात टिबुकलीचा रकाना कोरा असेल, तर ती दिसली नाही की त्या दिवशी मोजणीच झाली नाही? पहिल्याला शून्य लिहायचे, दुसऱ्याला ‘एनए’, म्हणजे ‘नोंद उपलब्ध नाही’. रकान्यात एक जरी ‘एनए’ असला, तरी ‘आर’ सरासरीचा आकडा देत नाही. कोऱ्या नोंदी वगळण्याची आज्ञा विद्यार्थ्यांना लगेच सापडते, पण कारण लिहिल्याशिवाय ती वापरू देऊ नका. शॅननचा विविधता-निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांची संख्या किती समप्रमाणात आहे याचे माप, आधी तीन जातींवर हाताने काढून घ्यावा. असे निर्देशांक काढून देणारे ‘आर’चे ‘व्हेगन’ हे पॅकेज (तयार आज्ञांचा संच) त्यानंतर.

‘आर’ मोफत आहे; प्रयोगशाळेत इंटरनेट बेभरवशाचे असल्यास पॅकेजेस आधीच उतरवून ठेवावीत. परीक्षेत मात्र पाठ केलेल्या आज्ञा विचारू नयेत. एक आलेख द्यावा, आणि तो कोणत्या नियमातून आला असेल, हे लिहायला सांगावे.