वाचकांचे प्रश्न: "एकही वीट पाडणार नाही" म्हणजे परिणाम शून्य का?

प्रश्न: आमच्याकडे एका जुन्या वास्तूच्या शेजारी मोठा प्रोजेक्ट येतोय. डेव्हलपरने हेरिटेज रिपोर्ट दिलाय, त्यात म्हटलंय की वास्तूची एकही वीट पाडणार नाही म्हणून परिणाम शून्य. हरकती घ्यायची मुदत चालू आहे. विश्वास ठेवायचा का?

उत्तर: एवढ्यावर अजिबात ठेवू नका. शेजारी खोल बेसमेंट खणताना पाणी उपसतात, त्याने जमिनीतल्या पाण्याची पातळी उतरते, आणि जुन्या इमारतीचा पाया लाकडी खांबांवर असेल तर पाण्यात बुडून पिढ्यानपिढ्या टिकलेलं ते लाकूड हवा लागली की कुजायला लागतं. भिंतीला तडे दिसेपर्यंत डेव्हलपर फ्लॅट विकून मोकळा झालेला असतो. पायलिंगचे, म्हणजे नव्या पायाचे खांब जमिनीत ठोकतानाचे हादरे आणखी वेगळे. रिपोर्टमध्ये पाया आणि पाण्याबद्दल काही आहे का ते बघा.

पण त्याच्याही आधी तारखा बघा. अभ्यास आधी झाला की प्लॅन आधी ठरला? मला विचाराल तर अर्धा निकाल इथेच लागतो. ऑस्ट्रेलियात जूकान गॉर्जच्या गुहांचं हेच झालं. खाण कंपनी रिओ टिंटोला 2013 मध्ये कायदेशीर परवानगी मिळाली, आणि नीट उत्खनन झालं 2014 मध्ये, त्यात सुमारे 4,000 वर्षं जुनी माणसाच्या केसांची वेणी सापडली, माणसाचा वावर 46,000 वर्षांपूर्वीपासूनचा निघाला. पण दिलेल्या परवानगीचा फेरविचार करायची सोयच कायद्यात नव्हती, आणि मे 2020 मध्ये सुरुंग लावून गुहा उडवल्या. तिथल्या मूळ रहिवाशांचं जे गेलं ते कुठल्याही माफीने परत येणार नाही, याचा मला आजही राग येतो.

दुसरं म्हणजे वास्तूचा परिसर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं एल्बे खोरं 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं आणि 2009 मध्ये यादीतून काढलं गेलं, कारण खोऱ्याच्या मधोमध चौपदरी पूल. बोगद्याचा पर्याय सुचवलेला होता, तो घेतला नाही. म्हणजे जुनं काही न पाडताही महत्त्व जाऊ शकतं.

त्यामुळे नवा टॉवर कसा दिसेल हे दाखवणारे रिपोर्टमधले फोटो बारकाईने बघा. वाइड अँगल लेन्सने काढलेल्या फोटोत मागचा टॉवर लांब आणि बुटका दिसतो, पानांनी भरलेल्या झाडाआडून काढला तर दिसतच नाही. लेन्स कुठली, जागा कुठली, महिना कुठला, हे लेखी विचारा आणि तुम्ही रोज जिथून ती वास्तू बघता त्या जागेवरून चित्र मागा.

रिपोर्ट लिहिणाऱ्या कन्सल्टंटचे पैसे बहुतेक वेळा डेव्हलपरच देतो, म्हणून तो खोटंच लिहितो असं नाही, पण दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी मागायला हरकत नाही. उंची कमी केली तर काय, जागा बदलली तर काय, बांधलंच नाही तर काय, हे पर्याय तपासलेत का तेही विचारा. आणि "नंतर झाडं लावू, माहितीफलक लावू" एवढंच उत्तर आलं तर ते मान्य नाही असं स्पष्ट लिहा.

हरकत मुदतीच्या आत द्या, प्रत्येक मुद्द्यापुढे रिपोर्टचा पान नंबर टाका आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.