कॅनडातला सलोखा: माफी मागितल्यावर पुढे काय?

मुलं, भाचे, पुतणे कॅनडात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या वाचकांकडून तिथल्या मूलनिवासी समाजांविषयी बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न: तिथलं सरकार सतत ‘सत्य आणि सलोखा’ म्हणतं. पण भांडण होतं कोणाचं? सलोख्यासाठी दोन्ही बाजूंनी पुढे यायला नको का?

सलोखा म्हटलं की बांधावरून भांडलेले दोन भाऊ आणि मध्ये बसलेले पंच डोळ्यांपुढे येतात. हे प्रकरण तसं नाही. इथे एका बाजूला राज्यसत्ता होती आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलं. १८७६च्या इंडियन ॲक्टने मूलनिवासी कोणाला म्हणायचं, त्यांनी कुठे राहायचं, कारभार कसा करायचा हे सरकारने आपल्या हाती घेतलं. १९२०च्या दुरुस्तीने मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकारही घेतला. सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि बहुतांशी चर्चच्या ताब्यात असलेल्या निवासी शाळांमधून सुमारे दीड लाख मुलं गेली. घरची भाषा बोलली की शिक्षा व्हायची. कित्येक मुलं परतलीच नाहीत. यातल्या शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे हे सोसलेली माणसं आज हयात आहेत. म्हणूनच त्या नावात ‘सत्य’ आधी येतं, सलोखा नंतर. पुढे येण्याची जबाबदारीही दोघांची सारखी नाही.

प्रश्न: भरपाई कशी मोजली? ती सगळ्यांना मिळाली का?

आधी एक गैरसमज दूर करू. ही भरपाई सरकारच्या औदार्यातून आलेली नाही. शाळांमधून वाचलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं दावे लढवले, त्यातून समझोता झाला आणि तो १९ सप्टेंबर २००७ला लागू झाला. या शाळांबद्दल सरकारने संसदेत मागितलेली माफी त्यानंतरची, ११ जून २००८ची. या शाळांमध्ये काय घडलं हे नोंदवणारा सत्य आणि सलोखा आयोगही याच समझोत्याचं एक कलम होतं आणि त्याचा ६ कोटी कॅनेडियन डॉलरचा निधीही त्यातूनच आला.

भरपाईचे मार्ग दोन होते. पहिला, शाळेत राहिल्याबद्दल सरसकट रक्कम: पहिल्या वर्षाचे १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,०००. सहा वर्षं राहिलेल्याला १०,००० अधिक १५,००० असे २५,००० मिळत. दुसरा मार्ग लैंगिक अत्याचार आणि गंभीर मारहाणीच्या दाव्यांचा. त्यात बंद दाराआड सुनावणी होई आणि अत्याचाराचं स्वरूप, झालेलं नुकसान यांचे गुण मोजून रक्कम ठरे. असे ३८,०००हून अधिक दावे आले.

अडलं कुठे, तर पहिल्यांदा कागदावर. शाळांची हजेरीपुस्तकं जळालेली, हरवलेली किंवा नष्ट केलेली. माणूस सांगतो आठ वर्षं, दप्तर सांगतं पाच. मग फेरतपासणीचा अर्ज. ज्यांनी नोंदी ठेवायच्या होत्या त्यांनी त्या नीट ठेवल्या नाहीत आणि पुरावा मात्र मुलांकडे मागितला गेला. दुसरी अडचण यादीची. समझोत्याच्या यादीत सुमारे १४० शाळा होत्या. यादीत नाव नाही तर पैसा नाही. संध्याकाळी घरी परतणाऱ्या दिवसशाळांची मुलं यातून पूर्ण बाहेर राहिली. त्यांना २०१९मध्ये वेगळा समझोता करून घ्यावा लागला, त्यात अत्याचाराच्या पायरीनुसार १०,००० ते २ लाख डॉलर ठरले. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर १९४९ला कॅनडात आलं, म्हणून तिथल्या शाळा २००८च्या माफीतूनही वगळल्या. त्यांची माफी उजाडली नोव्हेंबर २०१७मध्ये.

तिसरी अडचण शब्दांची. शाळा चालवणाऱ्या कॅथलिक संस्थांनी रोख आणि सेवा यांखेरीज २.५ कोटी डॉलर वर्गणीतून उभे करायचे होते, पण करारात लिहिलं होतं ‘शक्य ते सर्व प्रयत्न करू’. गोळा झाले ४० लाखांहूनही कमी, आणि २०१५मध्ये कोर्टाच्या निकालाने त्या संस्था उरलेल्या रकमेतून मोकळ्या झाल्या. करार वाचताना आकड्याच्या आधी क्रियापद बघावं, ते यासाठी. २०२१मध्ये तिथल्या बिशपांनी पाच वर्षांत ३ कोटी देण्याचं नव्याने जाहीर केलं.

प्रश्न: आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी किती पूर्ण झाल्या? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

जून २०१५मध्ये आयोगाने ९४ ‘कॉल्स टू ॲक्शन’, म्हणजे कृतीची आवाहनं, मांडली. सरकारी आकडेवारी ‘पूर्ण’ आणि ‘काम सुरू’ हे एकत्र मोजते, त्यामुळे ती मोठी दिसते. मूलनिवासी अभ्यासकांची येलोहेड इन्स्टिट्यूट फक्त पूर्ण झालेली मोजायची. २०२३ अखेर तिचा आकडा होता १३, आणि त्या वर्षभरात एकही नवं आवाहन पूर्ण न झाल्याने तिने ही वार्षिक मोजणीच थांबवली. आमच्या मते हाच आकडा प्रामाणिक आहे. ‘सुरू’ असलेलं काम वीस वर्षंही सुरू राहू शकतं.

पूर्ण काय झालं तेही बघा. मे २०२१च्या शेवटी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात कबरींच्या शक्यतेची बातमी आली. पुढच्या काही आठवड्यांत सत्य आणि सलोख्यासाठी ३० सप्टेंबरच्या सुट्टीचा कायदा झाला आणि नागरिकत्वाच्या शपथेत मूलनिवासींच्या सरकारशी झालेल्या करारांतल्या हक्कांचा उल्लेख आला. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या, पण त्यांना ना फारसा पैसा लागतो ना कोणाचा अधिकार कमी होतो. उलट पहिलंच आवाहन, बालसंगोपन यंत्रणेने घरातून उचललेल्या मूलनिवासी मुलांची संख्या घटवण्याचं, रेंगाळलं. प्रगतीवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र परिषद नेमा, असं ५३वं आवाहन सांगतं. तिचा कायदा व्हायला एप्रिल २०२४ उजाडला.

जमिनीखालच्या कबरी शोधणाऱ्या रडारबद्दलही काहींनी विचारलं आहे. हे यंत्र हाडं दाखवत नाही. माती कधीतरी हलवली गेली आहे एवढंच दाखवतं. म्हणून ‘संभाव्य कबरी’ हाच नेमका शब्द. खोदायचं की नाही हे त्या मुलांच्या समाजाने ठरवायचं.

प्रश्न: एवढ्या श्रीमंत देशात मूलनिवासी वस्त्यांना शुद्ध पाणी का नाही?

मॅनिटोबा-ओंटारिओ सीमेवरचं शोल लेक बघा. या तळ्याचं पाणी १९१९पासून जलवाहिनीने विनिपेग शहराला जातं. त्याच कामात शोल लेक ४० ही वस्ती मुख्य भूमीपासून तुटली. पुढे १९९७पासून २०२१पर्यंत तिथल्या लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना होती. आधी २०१९मध्ये २४ किलोमीटरचा रस्ता झाला, मग शुद्धीकरण केंद्र. रस्त्याशिवाय बांधकामाचं सामान न्यायचं कसं, हाच इतकी वर्षं अडथळा होता.

बाकी ठिकाणची कारणंही अशीच रोजची आहेत. प्रांतांचे पाणी सुरक्षेचे नियम राखीव वस्त्यांना लागू होत नाहीत, तिथे जबाबदारी केंद्राची. केंद्र यंत्रणा बांधून देई, पण ती चालवण्याचा सूत्राने ठरलेला खर्च ८० टक्केच उचले आणि उरलेला गरीब वस्तीने काढायचा. १०० टक्क्यांची घोषणा झाली ती २०२०मध्ये. पगार कमी, म्हणून शिकून तयार झालेला ऑपरेटर शहरात जातो आणि नवं शुद्धीकरण केंद्र बिघडतं. बारा महिन्यांहून जास्त चाललेल्या सगळ्या सूचना मार्च २०२१पर्यंत उठवू, हे केंद्र सरकारचं वचन मोडलं. २०१५नंतर १४०हून अधिक सूचना उठल्या हे खरं, पण ओंटारिओतल्या नेस्कांतागा वस्तीतली १९९५ची सूचना २०२५मध्येही कायम होती. शेवटी इथेही कोर्टात जावं लागलं. २०२१च्या ८०० कोटी डॉलरच्या समझोत्यात किमान ६०० कोटी खर्चण्याची हमी लिहिलेली आहे, ‘प्रयत्न करू’ असं नव्हे.

प्रश्न: भाची सप्टेंबरमध्ये तिकडे जाते आहे. ३० तारखेला सुट्टी असते का? बोलताना काय सांभाळावं?

केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांना, म्हणजे बँका, विमानसेवा वगैरेंना, सुट्टी असते. बाकी प्रांतागणिक वेगळं: ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबात आहे, ओंटारिओत वैधानिक सुट्टी नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक बघून घ्यावं. त्या दिवशी नारिंगी शर्ट घालतात, कारण एका मुलीचा नवा नारिंगी शर्ट शाळेच्या पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. ‘हॅपी’ म्हणून शुभेच्छा देऊ नयेत, हा दुखवट्याचा दिवस आहे. विधी चालू असताना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

‘इंडियन’ हा शब्द तिथल्या कायद्यात उरला आहे, बोलण्यात मूलनिवासींसाठी तो वापरू नये. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी हे तीन वेगळे समाज आहेत. समोरच्याचं राष्ट्र, म्हणजे मूळ समूह, माहीत असेल, जसं क्री किंवा अनिशिनाबे, तर तेच नाव घ्यावं. आणि इनुइट हे अनेकवचन आहे, एका माणसाला इनुक म्हणतात.