काटा हलत नाही? टेप लावून बघा

भाऊ, तुम्ही विचारलंय की वडील दोन महिने रोज जळगावच्या मेहरूण तलावावर फिरतात, साखर आणि फॅटी लिव्हर दोन्ही आहे, वजन मात्र जैसे थे. मग चालणं वाया गेलं का? नाही. काटा तोच राहिला तरी पोटातली चरबी घटू शकते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेपने घेर मोजा. पँट बांधतात तिथे नको. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंमी, बाईला ८० ही हद्द धरतात.

आतड्यांभोवतीच्या चरबीच्या पेशी फुगल्या की रक्तपुरवठा पुरत नाही, काही मरतात. त्या उचलायला मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, येतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्यांच्यातून टीएनएफ-अल्फा हे आतली सूज वाढवणारं रसायन झिरपत राहतं, इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचत नाही. म्हणजे लठ्ठपणात प्रतिकारशक्ती नुसती 'कमी' नसते, नको तिथे अडकलेली असते.

चालताना मांडीचे स्नायू आयएल-६ नावाचं निरोप नेणारं रसायन सोडतात. लठ्ठपणात सतत थोडं चढलेलं राहतं म्हणून हे रसायन बदनाम. व्यायामात ते उसळतं, काही तासांत उतरतं आणि मागोमाग सूज शमवणारं आयएल-१० वाढतं. २०१९ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी पोट सुटलेल्यांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. पोटातली चरबी घटली, पण आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध ज्यांना दिलं होतं, त्यांची घटली नाही.

वेग असा हवा की बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. (तलावावर गप्पांची टोळी जमली की नेमका इथेच घोळ होतो.) ३० मिनिटं, आठवड्यात ५ दिवस. इन्सुलिनवरचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी एक केळं. वाटेत थरथर, घाम सुटला आणि साखर ७० च्या खाली असली तर मात्र जळगावचं केळंही हळू पडतं. तेव्हा ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. छातीत दाटलं तर थांबून थेट डॉक्टर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सातच्या आत घरी. पायाला मुंग्या येत असतील तर चपलेवर फिरू नये, आल्यावर तळवे बघावेत.

सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, करणार असाल तर सर्दी-ताप किंवा दाढ सुजलेली असताना नको. तेव्हाचा चढलेला आकडा चरबीचा नसतो.